बालवाडीच्या अंदाजपत्रकातील एक खोडलेली बाब

(कार्यकर्ते व बालवाडी शिक्षिका यांच्या एकत्रित शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज सकाळी आपण शेतमालाच्या भावावर चर्चा केली. दुपारी असंघटित कामगारांच्या निवृत्तिवेतनावर बोलणार आहोत. या दोहोंच्या मध्ये संयोजकांनी मला उभे केले आहे, आणि विषय दिला आहे तो लहान मुलांची चित्रांची पुस्तके व त्यांतून मुलांच्या हातून घडणारी चित्रे हा. जेवणाआधीचा हा तास विसाव्याचा आहे, अशी पुष्कळांची समजूत झालेली दिसते. चहाच्या वेळी एका जुन्या मित्राने विचारलेही, "अर्थशास्त्राच्या माणसाला हे कोठून सुचले?" तेथे मी उत्तर दिले नाही. कारण ते उत्तर म्हणजे एक कबुली आहे, आणि ती सर्वांसमोर दिलेली बरी.

दहा-अकरा वर्षांपूर्वी, मी नोकरीत असताना, काही कार्यकर्त्यांनी एका वस्तीत चालविलेल्या बालवाडीचा खजिनदार होतो. वर्षाचे अंदाजपत्रक माझ्यासमोर आले. खोलीचे भाडे, खाऊ, ताईंचे मानधन, सतरंज्या, पाण्याचे पिंप अशा बाबी होत्या आणि सर्वांत शेवटी ताईंच्या हस्ताक्षरात लिहिलेली एक बाब होती : 'चित्रांची पुस्तके, कागद व रंग, रुपये ३०००'. जमा-खर्चाचा मेळ बसत नव्हता. तूट जवळपास तेवढीच होती. मी ती ओळ खोडली. कोणी हरकत घेतली नाही. ताई सभेला हजर होत्या. त्याही काही बोलल्या नाहीत. 'आधी भाकरी, मग चित्र' हे वाक्य मी त्या सभेत उच्चारले होते आणि ते मला फार समर्पक वाटले होते, हे इतिवृत्तात नोंदलेले आहे.

निवृत्तीनंतर दर गुरुवारी सकाळी त्या बालवाडीत जाऊन बसण्याचा मी परिपाठ ठेवला. निमित्त हिशेब तपासण्याचे होते. तीन-चार आठवड्यांत हिशेब संपले; मी मात्र जातच राहिलो. मुलांजवळ पाठकोरे कागद आणि खडूचे तुकडे असत. मुले चित्रे काढीत आणि ती सारी एकच असत. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्यामधून वर येणारा अर्धा सूर्य, खाली येणारी नदी, कौलारू झोपडी, नारळाचे झाड आणि आकाशात चारच्या आकड्यासारखे पक्षी. हे चित्र आपण सर्वांनी काढलेले आहे. या वस्तीतील बहुतेक कुटुंबे दुष्काळी भागातून आलेली. त्या मुलांनी नारळाचे झाड पाहिले असेल तर ते कॅलेंडरवर. नदीच्या नावाने त्यांना ठाऊक होता तो मागचा नाला. तरीही चार वर्षांच्या मुलाच्या कागदावर कोकण उतरत होते, कारण ताईंना त्यांच्या बाईंनी आणि त्या बाईंना त्यांच्या गुरुजींनी तेच शिकविले होते. त्याच्या जोडीला कोणीतरी देणगी म्हणून दिलेल्या 'रंगवा' पुस्तिका होत्या. आंबा छापलेला, त्यात पिवळा भरायचा. रेघेबाहेर गेला तर चूक. मजुरीच्या कामाचे याहून नेमके शिक्षण दुसरे नसेल. आराखडा दुसऱ्याचा, हात याचा आणि देखरेख तिसऱ्याची.

याच सुमारास रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात मला एक इंग्रजी चित्रपुस्तक दीडशे रुपयांना मिळाले. नाव 'फ्रेडरिक', चित्रकार व लेखक लिओ लिओनी, पहिली आवृत्ती १९६७ची. मी ते घेतले त्याचे कारण सांगायला हरकत नाही. वेष्टनावरील परिचयात या गृहस्थांनी अर्थशास्त्रात डॉक्टरेट मिळविल्याचा उल्लेख होता, आणि जातभाई भेटल्याचा आनंद मला झाला!

लिओनी १९१० साली ॲम्स्टरडॅमला जन्मले. १९३५ मध्ये त्यांनी इटलीतील जिनोव्हा विद्यापीठातून अर्थशास्त्राची पदवी घेतली. त्यांचे सासरे फाब्रित्सिओ माफी हे इटलीतील कम्युनिस्ट पुढारी. फॅसिस्ट राजवटीने त्यांना बंदिवासात टाकले होते. मुसोलिनीच्या सरकारने १९३८ साली ज्यूंविरुद्ध वंशभेदाचे कायदे केले. लिओनींचे वडील ज्यू होते. १९३९ मध्ये लिओनी अमेरिकेत गेले. तेथे जाहिरातीच्या व्यवसायात नाव कमावून ते 'फॉर्च्यून' या भांडवलदारांच्या आवडत्या मासिकाचे कलासंपादक झाले. दैव कधीकधी अशी थट्टा करते. १९५९ साली, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, रेल्वेच्या प्रवासात कंटाळलेल्या नातवंडांना गप्प बसविण्यासाठी त्यांनी एका मासिकाची रंगीत पाने फाडून त्यांचे गोल तुकडे केले आणि त्या तुकड्यांची गोष्ट सांगितली. निळा तुकडा आणि पिवळा तुकडा हे मित्र. ते एकमेकांना मिठी मारतात आणि हिरवे होतात. घरी गेले तर आईबाप त्यांना ओळखीत नाहीत. तेच त्यांचे पहिले पुस्तक झाले. लिओनी १९९९ साली वारले. तोवर त्यांच्या नावावर मुलांची पुष्कळ पुस्तके झाली होती.

हे सर्व चरित्र सांगण्याचे कारण फाडलेल्या कागदात आहे. बहुतेक चित्रपुस्तके पाहून मूल म्हणते, "किती छान, मला नाही येणार." फाडलेला कागद पाहून ते तसे म्हणत नाही. उंदीर कसा झाला, हे पानावर उघड दिसते. करड्या कागदाचा एक लंबगोल, दोन कान, एक शेपूट. कडा फाटक्या आहेत आणि त्या झाकलेल्या नाहीत. करणाऱ्याने आपली रीत लपवून ठेवलेली नाही. कारागीर आपले गुपित वाड्याबाहेर जाऊ देत नाही, असा अनुभव घेतलेल्या समाजाला याचे मोल वेगळे सांगायला नको.

'फ्रेडरिक'ची गोष्ट थोडक्यात अशी. शेतातले उंदीर हिवाळ्यासाठी दाणागोटा साठवीत असतात. एकटा फ्रेडरिक बसून राहतो. विचारले तर म्हणतो, मी ऊन साठवतो आहे, रंग साठवतो आहे, शब्द साठवतो आहे. हिवाळ्यात दाणे संपतात. मग तो आपली साठवण बाहेर काढतो आणि बाकीच्या उंदरांना ऊब वाटू लागते.

ताईंनी पुस्तक हातात धरून ही गोष्ट मराठीत सांगितली. मुले तल्लीन झाली. पण गोष्ट ऐकायला बसलेला आपला एक तरुण कार्यकर्ता मला बाजूला घेऊन म्हणाला, "सर, हा उंदीर तर भटजीच झाला की. दुसऱ्यांनी राबायचे आणि याने चार श्लोक म्हणून शिधा घ्यायचा." मी निरुत्तर झालो. हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. आपल्या समाजात शब्द आणि रंग 'साठविण्याचा' अधिकार हजारो वर्षे मूठभरांनी आपल्याकडे ठेवला आणि बाकीच्यांना दाणे वेचायला लावले. त्या इतिहासात फ्रेडरिक निरागस राहत नाही.

बरेच दिवस हा आक्षेप माझ्या मनात होता. मला जे उत्तर सापडले ते असे. गोष्टीत फ्रेडरिक एकच आहे. आपल्या खोलीत मात्र तीस मुले बसलेली आहेत. पुस्तक मिटून आपण उठलो, तर आपण एका कवीला वाखाणणारे उनतीस श्रोते तयार केले, आणि तो कार्यकर्ता म्हणतो ते खरे ठरले. पुस्तक मिटल्यावर तिसांच्याही हाती कागद दिला आणि प्रत्येकाने आपापले ऊन साठविले, तर मात्र प्रत्येकजण दाणेही वेचणारा आणि रंगही साठविणारा होतो. चित्रपुस्तक पाहणे आणि त्यातून चित्र करणे, या दोन गोष्टींमध्ये जे अंतर आहे तेच ग्राहक आणि उत्पादक यांच्यातले अंतर आहे. माझ्या आजच्या बोलण्याचा सारा भार या एका गोष्टीवर आहे.

हे म्हणणे सोपे, करणे अवघड. पहिला प्रयोग आमचा सपशेल फसला. ताईंनी पुस्तक भिंतीशी उघडे ठेवले, मुलांना करडा कागद दिला आणि तासाभरात तीस फ्रेडरिक तयार झाले. सारे एकाच बाजूला पाहणारे. नारळाच्या झाडाच्या जागी उंदीर आला, एवढाच फरक. ताई खूश होत्या. भिंत भरली होती. मलाही आधी ते बरे वाटले, हे कबूल करतो.

पुढच्या गुरुवारी आम्ही पुस्तक मिटून कपाटात ठेवले. ताईंनी फक्त एक प्रश्न विचारला, "फ्रेडरिकने हिवाळ्यासाठी साठवण केली. आपल्याकडे कशासाठी करायची?" मुलांनी हिवाळा घेतलाच नाही. पावसाळा घेतला. पत्र्याच्या घरात राहणाऱ्या मुलांना थंडीची भीती नसते, गळतीची असते. मग पावसाळ्यासाठी काय साठवायचे? समोर जुनी वर्तमानपत्रे होती, लग्नपत्रिकांचे रंगीत तुकडे होते, संक्रांतीनंतर उरलेला पतंगाचा कागद होता आणि वाटीभर खळ होती. कात्री मुद्दाम दिली नाही, फाडायचे होते. एका मुलीने कोरड्या गोधडीचे ढीग लावले. एकाने शेळी साठविली. एका मुलाने अख्खा कागद पिवळ्या तुकड्यांनी भरून टाकला. मी विचारले, "हे ऊन का?" तो म्हणाला, "न्हाई, खांबावरचा लाइट. पावसात जातो ना, म्हणून." त्या दिवशी भिंतीवर तीस निरनिराळी चित्रे लागली. एकातही नारळ नव्हता. उंदीर दोन होते.

रंगांचेही असेच झाले. निळ्या-पिवळ्याची गोष्ट ऐकल्यावर मुलांना हिरवा करून पाहायचा होता आणि डब्यात पिवळा रंग संपलेला. ताईंनी घरून हळद आणली आणि कपड्यांची नीळ आणली. कालवल्यावर पुस्तकातला हिरवा निघाला नाही, शेवाळासारखा निघाला. मुलांना तो अधिक आवडला. तेवढ्यात एका आजीबाईंनी दारातून सांगितले की हळदीत चुना घाला, लाल होईल. तो झाला! बालवाडीत आलेल्या या पहिल्या पाहुण्या व्याख्यात्या. त्यांना आम्ही मानधन दिले नाही, हे खजिनदार म्हणून नमूद करतो.

यात आपण काही नवे शोधले, असा आव मला आणायचा नाही. ताराबाई मोडकांनी गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला काम केले, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ काढला आणि १९४५ साली ठाणे जिल्ह्यातील बोर्डीला जाऊन बसल्या. अनुताई वाघ तेथेच त्यांना मिळाल्या. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने गावाला परवडणार नाहीत, हे त्यांनी ओळखले आणि शिंपले, खडे, पाने, बिया यांतून साधने उभी केली. मूल शाळेत येत नाही तर शाळा त्याच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द त्या प्रयोगातून आलेला आहे. त्याच १९४५ साली त्याच मुलखात वारली वेठबिगारीविरुद्ध उठले होते. एकाच भूमीवर एकाच वर्षी मजुरी आणि बालशिक्षण हे दोन्ही प्रश्न उभे राहिले, याची आठवण 'आधी भाकरी' म्हणणाऱ्यांनी ठेवावी. मीही त्यांतलाच होतो. पहिल्या टप्प्यानंतर दुसरा टप्पा आपोआप येतो, हे आपण पहिल्या पंचवार्षिक योजनेपासून ऐकत आलो आहोत.

परदेशी पुस्तक कशाला, असे कोणी विचारील. विचारावेच. नॅशनल बुक ट्रस्टची 'नेहरू बाल पुस्तकालय' मालिका आहे, तिची पुस्तके स्वस्त असतात. माधुरी पुरंदरे यांच्यासारख्या लेखिकेने स्वतः लिहून स्वतः चित्रे काढलेली पुस्तके मराठीत आहेत; त्यांत आपली घरे, आपल्या आज्या, आपले स्वयंपाकघर भेटते. चेन्नईच्या तारा बुक्सने २००९ मध्ये वारली चित्रकारांकडून नुसत्या क्रियांचे एक पुस्तक करून घेतले. धावणे, कापणे, वाहणे, भांडणे अशा क्रिया त्यात आहेत. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून माणूस कसा वाकतो, हे त्या चित्रांतून मुलाला तत्काळ कळते. जिव्या सोमा मशे यांची कला १९७०च्या दशकात बाहेरच्या जगाला दिसू लागली. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. परंतु येथेही तोच धोका आहे. आज शाळाशाळांच्या भिंतींवर जे 'वारली' रंगविलेले दिसते, ते नारळाच्या झाडाचेच नवे रूप आहे. पुस्तक देशी की विदेशी, यापेक्षा ते मुलाला रीत देते की नमुना देते, हे पाहावे. आणि तेही अखेर पुस्तकावर कमी, पुस्तक हातात धरणाऱ्या ताईंवर अधिक अवलंबून आहे.

पुस्तके पुष्कळ लागतात, हाही एक गैरसमज आहे. शिकागो विद्यापीठाच्या शाळेतील शिक्षिका व्हिव्हियन पेली यांनी आपल्या बालवर्गाबरोबर एक सबंध वर्ष एकट्या लिओनीच्या पुस्तकांवर घालविले. त्या वर्षाची हकीकत त्यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केली. ती शाळा सुखवस्तूंची, हे खरे. परंतु एक पुस्तक महिनाभर पुरविणे ही श्रीमंतांची चैन नव्हे, ती गरिबाची सवय आहे.

आता हिशेबाकडे येतो, कारण शेवटी मी खजिनदार. समजा एक पुस्तक चारशे रुपयांचे आहे. तीस मुलांना ते वर्षातून वीस वेळा दाखविले आणि तीन वर्षे टिकले, तर दर मुलामागे दर वेळचा खर्च सुमारे २२ पैसे येतो. एकाने पाहिले म्हणून दुसऱ्याच्या वाट्याचे ते कमी होत नाही. सार्वजनिक वस्तूचे याहून चांगले उदाहरण मी वर्गात कधी दिले नाही. मग अडचण कोठे आहे? कागदात, खळीत आणि रंगात. ते वापरले की संपतात. पुस्तक भांडवली खर्चात जाते, कागद चालू खर्चात. देणगीदार पहिला खर्च आनंदाने करतो, कारण पुस्तकांच्या पेटीबरोबर त्याचे छायाचित्र निघते. खळीबरोबर कोणाचे छायाचित्र निघालेले मी पाहिलेले नाही. म्हणून पेट्या येतात, कुलपात राहतात, आणि पुस्तक फाटेल या धास्तीने मुलांच्या हाती दिले जात नाही. माझी सूचना अशी की, ज्या वर्षी कागदासाठी नियमित तरतूद करता येणार नाही, त्या वर्षी पुस्तके घेऊच नयेत. जी आहेत ती फाटेपर्यंत वापरावीत.

सरकारी बाजूही पाहा. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. तिच्या सहा सेवांत पूर्वप्राथमिक शिक्षण पहिल्या दिवसापासून आहे. प्रत्यक्षात आहार ग्रॅममध्ये मोजला जातो, वजन किलोत नोंदले जाते आणि शिक्षणाच्या रकान्यात 'होय' लिहिले जाते. केंद्र सरकारने २०२३ मध्ये 'पोषण भी, पढाई भी' अशी घोषणा केली. त्या 'भी'साठी किती कागद मिळाला, हे प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या गावच्या अंगणवाडीत जाऊन विचारावे. आणि ज्या सेविकेकडून आपण ही अपेक्षा करतो तिला सरकार पगार देत नाही, मानधन देते. ग्रॅच्युइटीवर तिचा हक्क आहे, हे ठरायला २०२२ साली सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. बसून राहिलेल्या उंदराचे काम हे काम आहे की नाही, असा प्रश्न गोष्टीत इतर उंदरांना पडला होता. दिवसभर उभ्या असलेल्या बाईच्या कामाविषयी तो आपल्या राज्यकर्त्यांना अजून पडलेलाच आहे, आणि मी ती ओळ खोडली तेव्हा मलाही पडला होता. ताई का बोलल्या नाहीत, हे मी पुढे त्यांना विचारले. त्या म्हणाल्या, "सर, तुम्ही खाऊ आणि रंग एका पारड्यात ठेवलेत. खाऊ कमी करा, असे मी कोणत्या तोंडाने सांगणार होते?"

ती बाब आता अंदाजपत्रकात परत आली आहे, शेवटी नव्हे, भाड्याच्या खाली दुसऱ्या क्रमांकावर. यंदाची तूट वर्गणीतून भरून काढायची आहे आणि सभागृहाच्या दाराशी पावतीपुस्तक ठेवले आहे, ते जाताना पाहावे.

पुढच्या महिन्यात 'स्विमी' घेणार आहोत. हे लिओनींचेच १९६३चे पुस्तक. मोठ्या माशाला भिऊन कपारीत लपलेले लहान लाल मासे एकत्र पोहून एका प्रचंड माशाचा आकार धारण करतात आणि त्याला पळवून लावतात. एकटा काळा मासा त्या आकाराचा डोळा होतो. या श्रोत्यांना त्याचा अर्थ सांगण्याची गरज नाही, आणि मुलांना तर तो मुळीच सांगू नका, अशी माझी हात जोडून विनंती आहे. त्यांना ठसे करू द्या. लाल मासे पानावर ठशासारखे उमटलेले आहेत; तीस मुलांनी आपापला ठसा एकाच मोठ्या कागदावर उमटविला की मासा होईल. ठशासाठी भेंडी किंवा बटाटा चालतो. भेंडी कोवळी घेऊ नये, ती दबते. जून घ्यावी. बाजार उठताना भाजीवाल्या ती फुकटही देतात, कारण ती खायला कोणी नेत नाही.